बिनपावडरीचा कॅरम

आमच्या चाळीत आईला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. लहानथोर सगळ्यांची ती सिस्टर. अंबरनाथ पश्चिमेला आमची दुमजली चाळ, वरच्या मजल्यावर टोकाची आमची खोली. आई उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यातली ड्युटी संपवून आली, की चपला काढायच्या आत दारात कुणीतरी डॉक्टरची चिठ्ठी आणि इंजेक्शनची बाटली घेऊन उभंच असायचं. ती पदर खोचायची, पातेल्यात काचेची सिरिंज उकळायला ठेवायची आणि उकळी येईपर्यंत समोरच्याच्या घरची सगळी खबरबात ऐकून घ्यायची. पैसे तिने कुणाकडून घेतले नाहीत. त्याऐवजी वाट्या यायच्या. कुणाची कोथिंबीर वडी, कुणाचं सांडग्यांचं कालवण, शेजारच्या सावंतकाकूंची बांगड्याची आमटी. आमच्या फडताळात आमच्यापेक्षा दुसऱ्यांच्या वाट्या जास्त असत, आणि रिकामी वाटी परत पाठवायची नाही हा आईचा दंडक, चमचाभर साखर का होईना, घालूनच द्यायची. बाबा म्हणायचे, "या चाळीतल्या निम्म्या कुल्ल्यांवर तुझ्या आईची सही आहे." आई म्हणायची, "पोरींसमोर काय बोलता," आणि तोंड फिरवून हसायची.

बाबांना दमा होता. अंबरनाथच्याच एका केमिकल कंपनीत ते फिटर होते, आणि त्या कंपनीने त्यांना काय दिलं म्हणाल, तर एक भिंतीवरचं घड्याळ आणि ही छाती. चाळिशी सरता सरता त्यांनी नोकरी सोडली आणि घर आईच्या पगारावर आलं. माझी आठवण सुरू होते ती त्यांच्या श्वासाच्या शिट्टीपासून. ती शिट्टी ऐकतच मी आणि माझी धाकटी बहीण शमा झोपायचो. इतर घरांत आवाज झाला की माणसं जागी होतात, आम्ही शिट्टी थांबली की जाग्या व्हायचो, आणि बाबा कूस बदलून पुन्हा शिट्टी वाजवायला लागले की परत झोपायचो. धूळ, उदबत्ती, फोडणीचा ठसका, काहीही त्यांना उबळ आणायला पुरायचं. आईने त्यांच्यासाठी घरातली गोधडीसुद्धा बाद केली होती, म्हणायची, जुन्या कापडात धूळ बसते.

त्यांचा एकच शौक, कॅरम. आणि एकच भिडू, शेजारचे सावंतकाका. काका पोस्टातून रिटायर झालेले, अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. दुपारची जेवणं झाली की ते आमच्या दारात येऊन विचारायचे, "दत्तू, हरायला बसतोस का?" कॅरमला बोरिक पावडर लागते, त्याशिवाय सोंगटी सरकत नाही. पण ती हवेत उडाली की बाबांना उबळ यायची, म्हणून आमच्याकडचा कॅरम बिनपावडरीचा. काका खेळ सुरू व्हायच्या आधी पंचाने बोर्ड घासघासून पुसायचे, एकदा पुसला की पुन्हा फुंकर मारून बघायचे. स्ट्रायकर अर्ध्या वाटेत अडकायचा, काका शिव्या द्यायचे, बाबा शिट्टीच्या सुरात हसायचे. दुसऱ्या कुणी चुकून पावडरची डबी आणली तर काका त्याच्या हातातून ती काढून घ्यायचे. "त्याला चालत नाही," म्हणायचे. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे.

त्या वर्षी गणपती नुकतेच गेले होते आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. उल्हासनगरचा कापडाचा धंदा सगळा सुरतेशी बांधलेला, रोज माणसं जा-ये करायची. त्यातलाच एक, उल्हासनगरच्याच कॅम्प एकमधल्या कापड दुकानातला मुनीम, तापाने फणफणून परत आला आणि आईच्या दवाखान्यात दाखल झाला. मागच्या अंगाला एक बंद पडलेला वॉर्ड होता, तो उघडून झाडून त्याला तिथे एकट्याला ठेवलं. त्या वॉर्डात जायला कोण तयार होणार? दोघीतिघींनी रजा टाकल्या. आईने टाकली नाही. घरी येऊन तिने हे बाबांना भाजी निवडता निवडता सांगितलं, बदली झाल्याचं सांगावं तसं. "त्याची बायको बाहेर पायरीवर बसलेली असते," आई म्हणाली. "मला म्हणते, सिस्टर, पाणी भी कोई नहीं देता, दुकानवाले सेठ ने तो पहचानने से मना कर दिया. तिला चहा नेऊन दिला मी." बाबा म्हणाले, "चहा दिलास ते बरं केलंस. पण चाळीत बोलू नकोस."

पण चाळीत न बोलता काय राहतं? पहिले दोन दिवस उलटंच झालं. प्लेगवर चालतात त्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बाजारातून गायब झाल्या होत्या, आणि सिस्टरकडे असतीलच म्हणून जो तो आमच्या दारात. सावंतकाकू सगळ्यात आधी आल्या. त्यांची सून बाळंतपण होऊन घरी आलेली, नातू दीड महिन्याचा. आईला दवाखान्यातून स्वतःपुरता डोस मिळत होता, तोही तिने मोजून घ्यायचा होता. ती म्हणाली, "वहिनी, नाहीत हो माझ्याकडे. आणि इतक्या लहान बाळाला त्या देतही नाहीत." काकूंना ते खरं वाटलं नाही. जाताना म्हणाल्या, "स्वतःच्या घराला मात्र पुरल्या असतील." त्या दिवसानंतर वाट्या यायच्या बंद झाल्या. इंजेक्शनवालेही यायचे बंद झाले. दूधवाला पातेल्याला पातेलं न लावता वरून धार सोडायचा, निम्मं दूध उंबऱ्यावर. शमाच्या बाकावरची मुलगी उठून मागे जाऊन बसली. नळावर एकदा काकू आईला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही शेवटी भरत जा ना पाणी. राग मानू नका हां, घरात तान्हं आहे." आई म्हणाली, "बरं." नुसतं बरं. मला राग चटकन येतो. आईला यायचा नाही, म्हणून बहुतेक तिच्या वाट्याचाही मलाच आला.

आणि मग बाबांचा खोकला. जो खोकला चाळीने वर्षानुवर्षं भिंतीआडून ऐकला होता, ज्याला पोरं नक्कल करून हसायची, तोच आता सगळ्यांना नवा वाटायला लागला. बाबा खोकले की शेजारची खिडकी बंद झाल्याचा आवाज यायचा. सावंतकाका दुपारचे येईनासे झाले. बाबा बोर्ड मांडून बसायचे, सोंगट्या लावून ठेवायचे आणि एकटेच दोन्ही बाजूंनी मारायचे. एकदा मला म्हणाले, "नंदे, सावंतची बाजू जिंकतेय बघ." मी म्हटलं, "मी बसते खेळायला." तर म्हणाले, "तुला शिव्या येत नाहीत." माझं तेव्हा कॉलेज नुकतंच संपलं होतं, सकाळी टायपिंगच्या क्लासला जायचे आणि दुपारी बाबांपाशी थांबायचे, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

त्या दिवशी आईची सकाळपाळी होती, शमा शाळेत. नगरपालिकेची माणसं गटारांवर पांढरी पावडर मारत आली. डीडीटी म्हणायचे सगळे, खरी कसली होती देव जाणे. उग्र, कुबट वासाची. चाळीने आग्रह करून त्यांच्याकडून अर्धं पोतं ठेवून घेतलं आणि ते वाटायचं काम सावंतकाकांनी अंगावर घेतलं. चाळीतली सगळीच कामं ते अंगावर घ्यायचे, गणपतीची वर्गणी असो की टाकी धुणं असो. नाकाला पंचा बांधून, एका हातात घमेलं घेऊन ते दारोदारी उंबऱ्यावर पावडरची रेघ ओढत चालले. आमच्या दाराशी आले तेव्हा रेघेवर भागलं नाही. मी आत होते, दार लावलेलं. बाहेर मूठ मूठ पावडर फेकल्याचा सपसप आवाज येत होता, उंबऱ्यावर, खिडकीच्या गजांत, दाराच्या फटीशी. बाबा उठले. त्यांना वाटलं असणार, बऱ्याच दिवसांनी काका दाराशी आलेत. मी उठेपर्यंत त्यांनी दार उघडलंसुद्धा.

पुढची मूठ हवेतच होती. दारात पांढरा धुरळा, आणि त्यात बाबा. "सावंत, काय करतोस?" एवढंच म्हणाले. काका पंचातून म्हणाले, "आत जा, दत्तू, आत जा, दार लाव. तुमच्याचसाठी करतोय." बाबांनी दार लावलं. सगळा धुरळा आमच्याबरोबर आतच राहिला. मी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड ओल्या फडक्याने पुसलं, पंप दिला. पंप दोनदा फुसफुसला आणि संपला. शिट्टी आधी वाढली, मग बारीक झाली. दमेकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही की बारीक झालेली शिट्टी जास्त वाईट. आई त्यांना द्यायची ते इंजेक्शन कपाटात होतं, सिरिंज होती, आणि मला ते देता येत नव्हतं.

मी गॅलरीत धावले. सगळे उभे होते, तोंडाला रुमाल. "काका, चला ना, एका बाजूने धरा, खाली रिक्षापर्यंत," मी म्हटलं. सावंतकाकांनी घमेलं खाली ठेवलं. एक पाऊल टाकलं त्यांनी, ते मी पाहिलं, ते नाकारणार नाही. मागून काकूंनी सदरा धरला. "बाळ आहे घरात," त्या म्हणाल्या. काका तिथेच थांबले. दुसरं कुणी हललंच नाही. मी एकटीच खाली धावले. स्टँडवरच्या पहिल्या रिक्षावाल्याने चाळीचं नाव ऐकून मान फिरवली. दुसरा म्हणाला, "वो सिस्टरवाली चाल? नहीं जाएगा." तिसरा कुणी नवखा होता, त्याला काही माहीत नव्हतं, तो आला. पण वर चढून माणूस उचलायला तो कशाला येईल?

मी जिना चढत होते तेव्हा माझ्या मागोमाग आईची चप्पल वाजली. ड्युटी संपवून आली होती. हातात पिशवी, पिशवीत कसलीशी पालेभाजी. तिला काही सांगावं लागलं नाही, खोलीत शिट्टी नव्हती. बाबा खुर्चीत, समोर मांडलेला कॅरम, त्यावर पांढरा थर. आईने त्यांच्या मानेपाशी दोन बोटं धरली, बराच वेळ धरली. मग पापण्या मिटवल्या. मग ती दाराकडे वळली, खाली बसली, उंबऱ्यावरची पावडर चिमटीत घेऊन तिने वास घेतला आणि गॅलरीत काकांच्या पायाशी असलेल्या घमेल्याकडे बघितलं. काकाही तिच्याकडे बघत होते. ती उठली. मोरीत गेली, बादलीभर पाणी आणलं आणि फडकं घेऊन उंबरा पुसायला लागली. आधी उंबरा, मग खिडकीचे गज, मग जमीन, मग तो बोर्ड. रडणं त्यानंतर. मला त्या पुसण्याचा तेव्हा इतका संताप आला होता की मी तिच्या हातातलं फडकं हिसकावलं. तिने ते शांतपणे परत घेतलं.

मी गॅलरीत जाऊन ओरडून सांगितलं की दमा होता, दम्याने गेले, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे दमा होता. दारं एकेक करून लागली. बदलापूरजवळच्या गावातून बाबांचे धाकटे भाऊ आले, ते जिन्याच्या खालच्या पायरीवरच उभे राहिले. "गावान लोका नाय नाय ते बोलतान, वैनी," म्हणाले. "पोराबालांचा घर हाय आमचा." आई म्हणाली, "भाऊजी, अग्नी द्यायला तरी याल?" ते आले, पण दहा हात अंतर ठेवून चालले. खांदा दिला तो आईच्या दवाखान्यातल्या माणसांनी. दोन वॉर्डबॉय, अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणि वॉर्ड झाडणारा लक्ष्मणमामा. त्या वॉर्डात आईबरोबर काम करणारी हीच ती माणसं, आणि त्यांच्या स्वतःच्या चाळींत त्यांचं काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. बाबांना त्यातल्या एकानेही जिवंतपणी पाहिलेलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं त्याकडे येते. आमच्याकडे मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येतात, जबरदस्तीने चार घास खायला लावतात. आईने चाळीतल्या कितीतरी घरी असं पिठलं पोचवलेलं होतं, पातेलं पदरात धरून. स्मशानातून माणसं परत गेली, देवाजवळ नव्हे तर कोपऱ्यात दिवा लावला, आणि आम्ही तिघी भिंतीला टेकून बसलो. दिवेलागण झाली. चाळीतले स्टोव्ह पेटायला लागले. प्रत्येकाच्या पंपाचा आवाज आम्हाला ओळखता यायचा. हा देसाईंचा, हा सावंतांचा. मोहरी तडतडली, लसणाचा वास आला. पितृपक्ष चालू होता. त्याच दिवशी सकाळी ह्याच बायकांनी गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी खीर-वडे ठेवून काव काव करत त्यांना बोलावलं होतं. आई दाराकडे तोंड करून बसली होती. गॅलरीत पाऊल वाजलं की तिची मान किंचित वर व्हायची. मी हे सांगू नये कदाचित, पण ती वाट बघत होती. तिला खरोखर वाटत होतं की कुणीतरी येईल.

शमा म्हणाली, "आई, भूक लागली." आईने तिला थोपटलं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, ह्या वेळी दबक्या आवाजात, जणू भूक लागणं हा तिचाच अपराध. मग आई उठली. दार सताड उघडं ठेवून ती स्टोव्हपाशी गेली, पंप मारला, काडी ओढली. भात टाकला, बेसन कालवलं, लसूण ठेचला. फोडणीचा धूर बाहेर गेला आणि गॅलरीत कुजबुज सुरू झाली. "माणूस मेला त्याच दिवशी चूल पेटवली हो." हे मात्र बोलायला तोंडावरचे रुमाल खाली आले. आईने तीन ताटं वाढली. आम्ही आमच्या घरच्या मयताचं पिठलं आमच्याच हातचं खाल्लं. मीठ जास्त झालं होतं. मला आजही पिठलं खाता येत नाही, सुनेला वाटतं मला बेसन बाधतं.

तो मुनीम मलेरियाचा निघाला. बरा होऊन आपल्या पायांनी घरी गेला. महिन्याभरात प्लेग लोकांच्या तोंडातूनही गेला आणि आमच्या दारात पुन्हा चिठ्ठ्या आल्या. आईने पातेल्यात सिरिंज उकळायला ठेवली. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. "ह्यांना टोचतेस? ह्यांना?" मी विचारलं. ती म्हणाली, "ताप त्यांना आहे, मला नाही." मात्र वाट्या ती घेईना. कुणी आणली तर म्हणायची, "नको, आमचं जेवण झालं." सकाळी दहाला आणली तरी हेच. परवाच्या साथीत लोकांनी गच्चीवर उभं राहून दवाखान्यातल्या माणसांसाठी थाळ्या बडवल्या, आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीने तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं. मी थाळी वाजवली नाही. लिफ्टच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि तिला म्हटलं, "तू जा गं, कोण अडवतं ते मी बघते." आई तेव्हा हवी होती.

काही वर्षांनी सावंतकाका आजारी पडले. फुप्फुसात पाणी झालं होतं, रोज इंजेक्शन द्यावं लागायचं. आई द्यायची. काचेच्या सिरिंजा जाऊन प्लास्टिकच्या आल्या होत्या. एकदा मी तिच्याबरोबर होते. काका कुशीवर वळले होते, तोंड भिंतीकडे. तो आडवा आवाज राहिला नव्हता. म्हणाले, "सिस्टर, त्याला पावडर चालत नाही हे मला माहीत होतं. सगळ्या चाळीत मलाच माहीत होतं. त्या दिवशी आठवलंच नाही." काकू दारात पदर तोंडात धरून उभ्या होत्या. इतकी वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली होती, त्यावर काय काय बोलायचं ते मनात शंभरदा घोकून ठेवलं होतं. आईने कापसाने जागा पुसली. "अंग सैल सोडा, काका," ती म्हणाली, "नाहीतर दुखेल." आणि सुई टोचली.

ते गेले तो रविवार होता. घर माणसांनी भरून गेलं, खांद्यांना तोटा नव्हता. संध्याकाळी बायका आपापल्या घरून पिठलं-भात आणायच्या तयारीला लागल्या, कुणी किती आणायचं हेही ठरलं. त्यांच्या आधीच आई रिकाम्या हाताने सावंतांच्या घरात गेली, मी तिच्या मागे. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आई सरळ स्वयंपाकघरात गेली, पदर खोचला, गॅसचं बटण फिरवलं आणि काडी ओढली. काकूंची नणंद धावत आली. "अहो सिस्टर, असं काय करता? मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत."

"आमच्यात पेटवतात," आई म्हणाली.

नणंद काकूंकडे बघायला लागली. काकू पदराने डोळे दाबून बसून राहिल्या. आईने पातेलं विसळलं, भात टाकला. मग वळून विचारलं, "वहिनी, बेसन कुठल्या डब्यात आहे?"